साडेसातीचा लसावि

१२ नोव्हेंबर १९७३, कासारवाडी

आज नोकरीला लागलो! गणितातली पदवी, त्यावर मशीनचा डिप्लोमा आणि मिरजेत दीड वर्ष वडिलांची नजर चुकवत हिंडण्याचा अनुभव, एवढ्या भांडवलावर चिंचवडच्या कंपनीत मेंटेनन्स खात्यात जागा मिळाली. टेबल खिडकीजवळ आहे. त्याचा एक पाय डुगडुगतो, पण टेबल माझं आहे. आमचे साहेब, अण्णासाहेब, यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की इथे हुशारीला मान आहे, फक्त ती फुकटात बसली पाहिजे. दात कोरून पोट भरणारी कंपनी दिसते.

राहायची सोयही लागली. भीमराज म्हणून आमच्याच कंपनीतला एक कामगार आहे, त्याच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. भीमराज माझ्याच वयाचा, उंच, सदा हसरा. तो अजून बदली कामगार आहे. मध्ये खंड न पडता ठरलेले दिवस भरले की कायम होईल, म्हणजे जानेवारीअखेर. तोवर ताप आला तरी घरी बसायचं नाही असं त्याने ठरवलंय. जेवण त्याची आई जाईबाई देते. पुण्याच्या आत्याने घरमालकाचं आडनाव विचारून नाक मुरडलं. मी सांगितलं, जाईबाईंच्या पिठल्यापुढे तुझं पिठलं म्हणजे निव्वळ खळ. मग तिने विषय बदलला.

१६ नोव्हेंबर

भीमराज ज्या मशीनवर काम करतो ते आज बघितलं. पत्रा सरळ करायचं जुनं विलायती मशीन आहे. वाकडा पत्रा एका बाजूने रुळांत सारायचा, दुसरीकडून सरळ निघतो. बाजूला दातेरी चाकं आहेत, ताटाएवढाली, एका ओळीत पाच, एकाला एक भिडलेली. सावकाश फिरतात. प्रत्येक चाकाच्या एकेका दाताला शेंदूर फासलेला आहे.

शेंदूर कशाला, असं सदाशिव मिस्त्रींना विचारलं. हे आमचे सर्वांत जुने फिटर, मावळातले, बोलणं कमी. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं की मशीन बसवलं तेव्हा ज्योतीराम नावाचा गडी या चाकांत गेला. मशीन थांबलं तेव्हा जे पाच दात माथ्यावर होते, त्यांना आमीच शेंदूर लावला. पुढं ते पाच दात पुन्हा एकदम माथ्यावर आले त्या दिवशी सयाजी गेला. या मशीनला साडेसाती हाय, बाबा. साडेसात वर्सांनी ते माणूस मागतंय.

म्हणून कायम कामगार या मशीनवर उभे राहत नाहीत, बदली लोकांना उभं करतात. भीमराजला विचारलं, तर तो मोठ्याने हसला. म्हणाला, आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. शनी-बिनी आमाला लागत न्हाई. मला माणूस आवडला.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं तेव्हा मी दात मोजले. त्रेपन्न, एकोणसाठ, एकसष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर. पाचही मूळ संख्या! एका ओळीतल्या, मधली एकही न गाळता. इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला.

१८ नोव्हेंबर, रविवार

सबंध सुट्टी या आकड्यात घालवली आणि पस्तावलो नाही.

एक चाक एक दात सरकलं की पाचही चाकं एकेक दात सरकतात. म्हणजे पाच लाल दात पुन्हा एकदम माथ्यावर यायला जितके दात सरकावे लागतात, तो या पाच संख्यांचा लसावि. शाळेत शिकवतात तोच, लघुतम सामाईक विभाज्य. पाचही मूळ, त्यामुळे लसावि म्हणजे सरळ गुणाकार: ९०,७३,८३,४७९. नव्वद कोटी त्र्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार चारशे एकोणऐंशी.

काय देखणा आकडा आहे! शेवटी नऊ, म्हणजे दोनाने जात नाही, पाचाने जात नाही. अंकांची बेरीज पन्नास, म्हणजे तिनाने नाही. सात, अकरा, तेरा, कुणी म्हणता कुणी याच्या अंगाला हात लावू शकत नाही. एक सोडला तर त्रेपन्नाच्या खालचा कुठलाही आकडा याला भागत नाही. मशीन करणाऱ्याने हे मुद्दाम केलंय. मूळ संख्या घेतल्या की तेच ते दात सारखे भिडत नाहीत आणि सगळे सारखे झिजतात.

मग वेळ काढला. मिनिटाला चारशे चोवीस दात सरकतात, रोज दोन शिफ्टा. उत्तर सात वर्षं पाच महिने. शनी नाही नि काही नाही, मिस्त्री, हा लसावि आहे! धावत जाऊन भीमराजला सांगितलं. त्यालाही गंमत वाटली. जाईबाई मात्र चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की दात कवा भेटत्यात ते तुमी सांगितलं. माणूस का जातंय ते कुठं सांगितलं?

गणिताच्या बाहेरचा प्रश्न आहे म्हणालो आणि खोलीत आलो. पण ज्योतीराम गेला जानेवारी चौसष्टमध्ये आणि सयाजी जून एकाहत्तरमध्ये, हे मी मिस्त्रींकडून आधीच काढून घेतलं होतं. सात वर्षं पाच महिने. हिशेब जुळला की मला हमखास हसू येतं. या वेळी अंगावर काटा आला.

असो. पुढची भेट अठ्ठ्याहत्तर साली. तोवर भीमराज कायम होऊन दुसरीकडे गेलेला असेल.

३ डिसेंबर

मधलं एकसष्ट दातांचं चाक तडकलं. स्टोअरमध्ये तसलं नाही, नवीन ओतून घ्यायला दोन महिने. अण्णासाहेब डोक्याला हात लावून बसले होते. मी विचारलं, स्टोअरमध्ये आहे काय? तर पहिल्या आणि शेवटच्या चाकाचे जोड, त्रेपन्न आणि एकाहत्तर, कारण ती लवकर झिजतात.

मग झालं तर! काखेत कळसा नि गावाला वळसा. मशीनचा वेग ठरतो पहिल्या आणि शेवटच्या चाकावर. मधली तीन नुसती निरोप पोचवणारी. मधलं चाक कितीही दातांचं बसवा, शाफ्ट खाचेत थोडा सरकवला की झालं. अण्णासाहेबांनी माझ्याकडून ते कागदावर लिहून घेतलं, सही घेतली, पाठ थोपटली. दुपारच्या आत एकसष्टच्या जागी त्रेपन्न बसलं.

मिस्त्री नाराज होते. नव्या चाकाला ओळखपाळख तरी करून द्या म्हणाले. त्यांनी त्याच्या एका दाताला शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि पहिल्या चाकाचा लाल दात माथ्यावर आणून नव्याचाही माथ्यावर ठेवूनच ते बसवलं. लालाला लाल. नवं चाक असंच बसवायची इथली रीत आहे. मी हसत हसत धरायला मदत केली.

५ डिसेंबर

मी गाढव आहे.

त्रेपन्न दोनदा आलं. एकसष्ट गेलं. ही दोन त्रेपन्नची चाकं आता जुळ्यांसारखी बरोबर फिरतात, त्यांचे लाल दात बरोबरच माथ्यावर येतात. म्हणजे लसावि एकसष्टाने भागला गेला. नव्वद कोटींचे दीड कोटीसुद्धा उरले नाहीत.

सात वर्षं पाच महिने नाहीत. सदतीस दिवस.

आज दात कुठे कुठे आहेत ते पाहून हिशेब मांडला. भेट संक्रांतीच्या तोंडावर येते. अण्णासाहेबांना सांगावं तर काय सांगावं? सही माझी आहे, नोकरीला महिना झालेला नाही, आणि कारण काय, तर शेंदूर. हसतील. जुनं चाक भंगारात गेलं. शिवाय एक मन म्हणतं की बरंच झालं, एकदाची भेट होऊ दे, काही घडत नाही हे सगळ्यांना दिसेल. हे मन दिवसा बोलतं.

१० जानेवारी १९७४

मिस्त्रींना सांगितलं. वाटलं चिडतील. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, त्या येळेला पोराला तिथं ठिवू नका. मी हाय.

१२ जानेवारी, शनिवार

लिहितो. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी अकराला मिस्त्रींनी भीमराजला चहाला पिटाळलं आणि स्वतः मशीनवर उभे राहिले. चाकांपासून चांगले चार हात लांब. मी पलीकडे घड्याळ घेऊन. पाचही लाल दात बरोबरीने माथ्याकडे सरकत होते. अर्धा फेरा उरला, मग पाव. आले. ओळ इतकी सरळ होती की दोरी लावावी. मला आनंद झाला. खरं लिहितो, त्या क्षणी हिशेब बरोबर आल्याचा आनंद झाला.

मिस्त्रींनी मान वळवली. कुणीतरी ओळखीच्याने हाक मारावी तशी. आणि ते चालत चाकांकडे गेले. पाय घसरला नाही, कपडा अडकला नाही. चालत गेले.

मी ओरडलो होतो. बहुतेक ओरडलो होतो.

१३ जानेवारी

मिस्त्री रात्री इस्पितळात वारले. ताप आहे मला. जाईबाई कपाळावर पट्ट्या ठेवतात. वडिलांना तार केली आहे.

भीमराज रडत होता. म्हणत होता, मी चहा पीत बसलो होतो, माझ्या जागी म्हातारा गेला.

२१ जानेवारी

मिरजेहून आलो आणि सरळ कंपनीत गेलो. मशीन चालू. भीमराज त्याच्या जागी.

अपघातात एकोणसाठचं चाक फुटलं होतं. आज सकाळीच त्याच्या जागी एकाहत्तर बसवलंय. मी नसताना. नव्या फिटरला विचारलं कुणाच्या हुकमाने. त्याने भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. माझं अक्षर, माझी सही. मधलं चाक कितीही दातांचं चालेल. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

एकोणसाठही गेलं. उरले त्रेपन्न, सदुसष्ट आणि एकाहत्तर. अडीच लाख दात. दहा तास. रोज, कुठल्या ना कुठल्या शिफ्टला.

बाकावर बसून डोकं गच्च धरलं तेव्हा सुचलं. जुळी चाकं आहेत ना? मग त्यांचे लाल दात एका दाताने पुढेमागे केले, तर ते जन्मात बरोबर माथ्यावर येणार नाहीत! लसावि काढूच नका, भेटच नाही. मूळ संख्यांची गाठ उशिरा का होईना पडते, पण जुळ्यांची एकदा चुकली की कायमची चुकली. हे कुणाच्या म्हणण्यावर नाही, हे सिद्ध करता येतं.

सुट्टीत मशीन थांबवून एकाहत्तरचं नवं चाक एक दात सरकवून घेतलं. स्वतः उभं राहून. चार वेळा तपासलं. पाचही लाल एकत्र येणं आता अशक्य आहे. भीमराजबरोबर घरी आलो, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. जाईबाईंना बरं वाटलं.

२२ जानेवारी, सकाळ

काल दुसऱ्या शिफ्टला एका बदली कामगाराची चार बोटं गेली. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. मशीन लगेच पुन्हा सुरू केलं म्हणे.

चाक पाहिलं. मी ठेवलं होतं तिथेच आहे, खाचेवरची माझी खडूची रेघ तशीच. शेंदूर सरकलाय. लाल दात आता शेजारचा आहे. आधीचा स्वच्छ, तेलकट, कधी काही लागलंच नसावं असा.

कुणी लावला, सगळ्यांना विचारलं. कुणी नाही. रॉकेलने पुसला. पुसताना हाताला ओला लागला. ताजा. फडकं टाकून वर बघतो तर पुन्हा

सिद्ध केलं होतं मी.

तोच दिवस, सकाळी नऊ

पुढची भेट आज दुपारी. भीमराजच्या शिफ्टमध्ये.

त्याला हात जोडले. आज घरी जा म्हटलं. तो म्हणाला, आठ दिवस राहिलेत. आज गेलो तर खंड पडला, पुन्हा पयल्यापासनं मोजायचं, आन् पुन्हा घेतील का न घेतील. आईनं वाट किती बघायची? माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुमी आजारातनं उठलाय, जरा पडा.

अण्णासाहेबांकडे गेलो. मशीन थांबवा म्हटलं. का? सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्या वडिलांचा पत्ता विचारला.

तोच दिवस, दुपार

थांबवलं. मीच. सुट्टीत घण घेतला आणि सदुसष्टचे तीन दात उडवले. कुणी बघितलं नाही. चाक नाही तर मशीन नाही. भीमराजची हजेरी लागलेली आहे, त्याला नुसतं बसायला सांगितलंय. हसू येतंय. सदुसष्टचं चाक ओतायला दोन महिने

स्टोअरमधून त्रेपन्न काढताहेत.

कागद. तो कागद अजून भिंतीवर आहे. मी फाडला तर अण्णासाहेबांच्या टेबलावर दुसरी प्रत

२३ जानेवारी, सकाळ

चाक रात्रीत बसवलं, मशीन आज सुरू करणार. त्रेपन्न तीन, एकाहत्तर दोन. बाकी काही नाही. ३,७६३.

नऊ मिनिटं. नऊ मिनिटांनी एकदा. पुन्हा नऊ मिनिटांनी. नव्वद कोटींचा आकडा होता तो. मी त्याचा एकेक अवयव काढून फेकला — मीच — त्या आकड्याने सात सात वर्षं त्याला धरून ठेवलं होतं, आणि मी —

सकाळी सहालाच अण्णासाहेबांच्या घरी निगडीला गेलो. पाय धरले. घण मीच मारला हे लिहून दिलं, राजीनामा लिहून दिला. बदल्यात एकच मागितलं, भीमराजला आजच कायम करा आणि दुसऱ्या खात्यात टाका. ते दोन पावलं मागे सरकले. घाबरले असावेत मला. फोन करतो म्हणाले. मशीन सुरू करायच्या आधी करा म्हटलं, तर हो म्हणाले.

म्हणजे तो सुटला. मशीनवर आज कुणी नाही. मी उभा राहणार. दुसऱ्या कुणाला उभं करतील म्हणून.

तोच दिवस, मशीनपाशी

भीमराजला टाइम ऑफिसला बोलावणं आलं. गेला. देवा —

नव्या फिटरने मशीन सुरू करून दिलं. त्याला लांब पाठवलं. भोवती दोरी बांधली. मी चाकांच्या पलीकडच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून. वही हातात आहे म्हणून हात जागेवर राहतात. लिहीत राहायचं. हाक आली तरी लिहीत राहायचं.

मेन स्विच पाडला. आता मशीन बंद.

चाकं फिरताहेत.

स्विच खाली आहे. पुन्हा बघितलं. खाली आहे. चाकं —

दोन लाल वर येऊन गेले. बाकीचे अजून नाहीत. शेजारच्या प्रेसचा आवाज एवढा आहे, पण ही चाकं वाजत नाहीत. अजिबात.

मिस्त्रींचा आवाज. नाही. नाही. लिही. त्रेपन्न गुणिले एकाहत्तर. तीन हजार सातशे त्रेसष्ट. त्याला भागतं एक, त्रेपन्न, एकाहत्तर, आणि

मला बोलावत नाहीयेत. माझं नाव नाही ते.

दारात भीमराज. का आला — कागद आहे हातात, हलवतोय — कायम झाला — हसतोय. दोरीखालून आत आला. मी ओरडतोय, प्रेसच्या आवाजात काही पोचत नाही. माझे आभार मानायला आलाय. तीन लाल वर. चाकांच्या पलीकडून हात पुढे करतोय, हात मिळवायला, आमच्या मध्ये चाकं आहेत आणि तो बघतच नाही. त्याला वाचता येतं. मोठं लिहून वही त्याच्यासमोर धरतो —

भीमराज मागे हो

हात देऊ नको

हात